कपाटावरचा डबा

मी बोलतोय, इंजेक्शनच्या खोलीतला डबा. जाड प्लॅस्टिकचा, पांढरा, तोंड इतकं लहान की आत हात जात नाही. वापरलेली सुई माझ्या पोटात पडली की पुन्हा कुणाला टोचणार नाही, एवढ्याच कामासाठी माझा जन्म. आणि मला ठेवलं कुठे? कपाटावर!

"खाली ठेवला की घाण होतो. तपासणीला साहेब आले की काढू," डॉक्टरांनी फर्मावलं. झालं! साहेब आले की मी टेबलावर, त्यांची पाठ फिरली की परत वर. दोन वर्षांत एकही सुई माझ्यात पडली नाही, आणि वहीत शेरा काय, तर 'व्यवस्था उत्तम'. डोंबलाची उत्तम!

खाली सिस्टरबाई इंजेक्शन दिलं की एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात टोपण धरून ते बसवायच्या. नेम चुकला तर बोटच जायचं. मग ती सुई कापसाबरोबर केराच्या टोपलीत. गर्दी असली की टोपणही राहून जायचं. मी वर बसून नुसता चरफडायचो.

माझी विचारपूस करणारी एकच, झाडलोट करणारी मावशी. दर शनिवारी स्टुलावर चढून मला पुसायची. "तुझी बाबा मजा आहे, काम ना धाम," म्हणायची. अगं, मजा कसली!

एके सकाळी तिनं टोपलीतली पिशवी उचलली. तोंड बांधता येईना म्हणून वरून तळहातानं दाबली, रोज दाबायची तशीच. "आई गं!" सुई पिशवी फाडून थेट तळव्यात. तिनं रक्त फडक्याला पुसलं आणि इकडेतिकडे बघितलं. "कशाला बोभाटा? कामावरून काढतील," पुटपुटत जखम तोंडाला लावायला निघाली.

तेवढ्यात सिस्टरबाई आल्या. पांढऱ्याफटक पडल्या. तिला ओढतच नळाखाली नेलं, साबण लावला. "चोखू नकोस, पिळू नकोस! त्या सुईला दुसऱ्याचं रक्त आहे. त्यातून कावीळ होते, एचआयव्ही होतो. चल मोठ्या दवाखान्यात, आत्ताच्या आत्ता. गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं."

सुई कुणाला टोचलेली होती? कुणालाच सांगता येईना.

महिनाभर मावशीनं गोळ्या घेतल्या. मळमळायचं, तरी फरशी पुसायची. "नातवाला जवळ घेऊ का हो?" रोज विचारायची. "घे की! जवळ घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानं काही होत नाही," सिस्टरबाई सांगायच्या. तिला पटायचं, पण ती पोराला लांबच ठेवायची. याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. चूक कुणाची, आणि झुरतंय कोण!

आता मी टेबलाशेजारी, हाताच्या अंतरावर आहे. सुई टोपण न लावता सरळ माझ्यात पडते. "हे आधीच करायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. हवं होतं म्हणे! तुमच्याकडे माझा कुणी भाऊ कपाटावर बसला असेल, तर त्याला आजच खाली काढा.

मी अंगावरच्या रेघेपर्यंत भरलोय, त्यावर भरायचं नसतं. उद्या माझं झाकण कायमचं बंद करून मला सुयांसकट नष्ट करायला नेतील. मावशीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट परवा यायचा आहे.

आज तिनं जाड हातमोजे घालून मला पुसलं. शनिवार नसतानाही. "निघालास का रे?" ती म्हणाली. "एक दिवस थांबला असतास, तर रिपोर्ट ऐकून गेला असतास."