गच्चीवरची साखळी

ती शाळेची बस चालवायची, म्हणून भटक्या जनावरांना वाचवणाऱ्या गटात सगळे तिला ड्रायव्हरताई म्हणत. सुट्टीच्या दिवशी तीच बस घेऊन जखमी कुत्री-मांजरं दवाखान्यात पोचवणं, बरी झाली की त्यांच्यासाठी घर शोधणं, हे तिचं काम. गटाचा नियम एकच होता: जनावर देण्याआधी घर पाहायचं आणि दिल्यानंतरही अचानक जाऊन पाहायचं.

तांबूस रंगाची, एक कान फाटलेली कुत्री तिनेच एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या खड्ड्यातून बाहेर काढली होती. दवाखान्यातल्या कंपाउंडरने तिला बिनसुईच्या सिरिंजने दूध पाजून जगवलं. कान फाटका म्हणून तिचं नाव पडलं कानफाटी. माणसाचा हात जवळ आला की ती पोट जमिनीला टेकवून थरथरायची. ती शेपूट हलवायला शिकेपर्यंत गटातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

मग ड्रायव्हरताईच्या सख्ख्या भावाने तिला मागितलं. "मोठं घर आहे, गच्ची आहे. तुझ्या वहिनीलाही सोबत होईल," दादा म्हणाला. ताईने नियमाप्रमाणे घर पाहिलं, गटाने कुत्री दिली. त्यानंतर फोन केला की दादाचं एकच उत्तर असायचं, "मजेत आहे गं. आत्ताच जेवून झोपली."

एका रविवारी भर दुपारी ती न सांगता गेली. दार वहिनीने उघडलं आणि जिन्याकडे पाहिलं.

गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी कानफाटी होती. साखळी इतकी आखूड, की तिला धड वळताही येत नव्हतं. सावली चार बोटं पलीकडे होती. भांडं पालथं पडलं होतं. ताईने तिच्या मानेवरचे केस बाजूला केले. पट्टा कातडीत रुतला होता आणि त्याच्याखाली मांस ओलं झालं होतं. कुत्रीने तिला ओळखलं, शेपूट हलवायचा प्रयत्न केला आणि पुन्हा पोट जमिनीला टेकवून थरथरू लागली.

साखळी टाकीच्या नळाला कुलूप लावून अडकवली होती. ताईचं डोकं सणकलं.

दादा खालून वर आला. "आलीस ती सांगून तरी यायचंस."

"किल्ली दे."

"अगं, सोडली की भुंकते, कुंड्या उकरते. राखणीला आणलंय तिला, मांडीवर घ्यायला नाही. शेवटी कुत्रंच आहे ते."

"फोनवर काय सांगत होतास मला?"

"काय सांगणार? तू लगेच आकांडतांडव करणार. तुमच्या गटातल्या लोकांना उद्योग नाहीत दुसरे."

"दादा, किल्ली दे. नाहीतर मी टाकीचा नळ उपटून साखळी काढीन, मग घरभर पाणी होऊ दे."

"माझ्या घरात येऊन मला दम देतेस?"

तेवढ्यात वहिनी जिन्यातून आली. तिने कमरेला खोचलेली किल्ली काढून ताईच्या हातात ठेवली. "रोज रात्री पाणी न्यायचे मी चोरून," ती म्हणाली. "मला म्हणाले, पुन्हा वर गेलीस तर तुलाही इथेच बांधीन. घेऊन जा तिला, ताई."

दादा बायकोकडे बघत राहिला.

ताईने कुत्रीला उचललं. आधीपेक्षा हलकी झाली होती. ती संतापाने झपाझप जिना उतरली. बाळपणी याच भावाचा हात धरून ती रस्ता ओलांडायची, हे आठवलं आणि तिला आणखीच चीड आली. दारात थांबून ती वहिनीला म्हणाली, "तुम्हीही चला." वहिनीने मान हलवली नाही, पण दारही लावलं नाही. ताई उभी राहिली. मग वहिनीने चपला घातल्या.

संध्याकाळी आईचा फोन आला. "एका कुत्र्यापायी भावाचा संसार मोडलास?"

"मी नाही मोडला, आई. त्याला विचार, बायकोला काय म्हणाला ते."

आईने फोन ठेवला.

कंपाउंडरने पट्टा कापून काढला आणि कात्री टेबलावर इतक्या जोरात आपटली, की पिंजऱ्यातली मांजरं दचकली. जखम भरायला वेळ लागला. तोवर वहिनीही गटात मदतीला येऊ लागली होती.

पुढच्या दत्तक मेळाव्यात दादा हजर. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर काही घडलंच नाही असा भाव. त्याने एक गुबगुबीत पिल्लू उचललं. "हे लहान आहे, शिकवलं की ऐकेल," तो टेबलामागच्या बाईंना सांगत होता.

ताई गर्दीतून पुढे आली आणि पिल्लू त्याच्या हातातून काढून घेतलं.

"याला द्यायचं नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हा माझा सख्खा भाऊ आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. याच्या घरी मांजरसुद्धा पाठवू नका."

"चारचौघांत अब्रू काढतेस?" दादा दात-ओठ खात म्हणाला.

"होय," ती म्हणाली. "गच्चीवर कुणी बघायला नव्हतं, म्हणून इथे."

लोक वळून पाहू लागले. तो निघून गेला. तिचा राग मात्र गेला नाही. पिल्लू तिने छातीशी आवळून धरलं होतं. शेवटी मागे पिंजऱ्यांपाशी पाणी ठेवत असलेली वहिनी पुढे आली आणि म्हणाली, "द्या इकडे. फार घट्ट धरलंय तुम्ही, घाबरेल ते."