एकशे ऐंशीत एक

माझ्या सासऱ्यांची, आप्पांची, राहू गावात दूध डेअरी आहे. दुधाचं सॅम्पल मशीनला लावायचं, मशीननं नापास केलं की दूध परत, शेतकऱ्याचं एक अक्षरही ऐकून घ्यायचं नाही. यात त्यांची हयात गेली. माझ्या पोटातल्या बाळाचा रिपोर्ट आला, तेव्हा त्यांनी तोच कायदा लावला.

तिसऱ्या महिन्यातली रक्ततपासणी होती. तांबड्या अक्षरांत ‘हाय रिस्क’, शेजारी १:१८०. बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शंका. डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं होतं. असा रिपोर्ट आलेल्या एकशे ऐंशी बायकांत एकीच्या बाळाला तो दोष निघतो, बाकीच्यांच्या बाळांना नाही. नक्की कळायला पुढची तपासणी करायची. घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. कुणी ऐकलं असेल तर शपथ!

“मशीननं नापास केलेलं दूध आपण घेतो का?” आप्पा म्हणाले. “उद्या दौंडला जायचं आन् पोट पाडून मोकळं व्हायचं.”

पोट माझं, आणि मोकळं व्हायची घाई यांना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“आप्पा, हे दूध न्हाई. आन् नापास कुणी केलंय? ही नुसती शंका हाय.”

“तांबड्यात लिवलंय की!”

“एकशे ऐंशी कॅनांतला एक खराब असंल म्हणून तुम्ही सगळे ओढ्यात ओतता का?”

“सासऱ्याला उलटं बोलती!” सासूबाई कडाडल्या. माझा नवरा सत्यजीत मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. त्याचाच राग मला जास्त आला.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी गाडी काढलीच; सत्यजीतही सोबत आला. दौंडच्या दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत घेतलं. “तुमची इच्छा आहे का? संमती तुमचीच लागते.”

“नाही. मला पुढची तपासणी करायचीय.”

बाहेर येऊन तेच सांगितलं. आप्पा दवाखान्याच्या दारातच शिव्या देऊ लागले. तेव्हा कुठं सत्यजीतला कंठ फुटला.

“आन् त्या एकशे ऐंशीतली एक तूच निघालीस तर?”

त्या प्रश्नाची भीती मलाही होती. रोज होती.

“निघाले तर काय करायचं ते मी ठरवीन. तवा तुम्ही माझ्यासोबत असाल का, तेवढं आत्ता सांगा.”

त्यानं वडिलांकडं बघितलं.

माझं माहेर वडगाव रासाईला. मी पिशवी उचलली आणि एसटी स्टँडचा रस्ता धरला.