बावीस पावलांची पट्टेरी

शून्य

मागच्या दारापासून वेताच्या खोलीपर्यंत बावीस पावलं. मीटरवाल्यांनी मोजली आहेत, म्हणजे चुकायचा प्रश्न नाही. बत्तीस वर्षं घरोघर जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपले त्यांनी. निवृत्तीनंतर टिपायला काही उरलं नाही, तेव्हा दिसेल ते मोजायला लागले.

वाट अरुंद. एका अंगाला घराची भिंत, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची, दोन पुरुष उंच. ऊन तिथे घाईतल्या पाहुण्यासारखं यायचं, दुपारी दहा मिनिटं, तेही उभ्या उभ्या. वाटेच्या शेवटी पत्र्याची खोली, आणि खोलीत मीटरवाल्यांची बायको वेताच्या खुर्च्या विणत बसलेली. ज्यांच्या ज्यांच्या खुर्च्या बसून बसून फाटल्या, ते सगळे तिला वेतकाकू म्हणत.

एक

काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी सांभाळायची, असं डॉक्टर म्हणाले. उजेडात काकूंना समोरचा माणूस ओळखू येई. सावलीत मात्र फरशी, माती, भिंतीचा पाया, सगळं एका रंगाचं होऊन जाई. विणायचं काम बोटांचं, त्याला डोळे फारसे लागत नव्हते. अडलं होतं ते बावीस पावलांशी.

म्हणून मीटरवाले त्यांना दंडाला धरून न्यायचे. सकाळी न्यायचे, जेवायला आणायचे, पुन्हा न्यायचे.

"मी काय पंक्चर सायकल आहे, अशी धरून ढकलायला?"

"पडलीस म्हणजे?"

"पडले तर उठेन. दंड बघा माझा, चार बोटं उमटलीत."

मीटरवाल्यांनी उपाय शोधला. सुताराला बोलावून कामाचा बाक घरात, मागच्या खोलीत आणायचा.

"म्हणजे मी पलंगावरून उठायचं आणि पलंगाशेजारी बसायचं," काकू म्हणाल्या. "खोलीचं दार मी स्वतः उघडते, दिवसातलं तेवढंच एक दार माझं आहे. एक वर्ष द्या मला."

"वर्षात एकदा जरी पडलीस तरी बाक आत."

"एकदा पडले तर आणा."

दोन

(या पावलाला नळ आहे. नळ गळतो. बाकी काही नाही.)

तीन

काकूंची धाकटी बहीण नर्सरीत कामाला होती. ती पिशव्या भरभरून रोपं घेऊन आली.

"गवत?" मीटरवाले म्हणाले. "गवत उपटायला माणूस लावतात, तू लावायला आलीस."

"दिसायला गवत, भाऊजी. पण एकदा रुजलं की वर्षानुवर्षं हलत नाही, आणि सावलीतच सुखात राहतं. गुलाब लावून मेले, शेवंती लावून मेली, की मग लोक तोंड पाडून माझ्याकडे येतात आणि हे नेतात."

लांब, अरुंद पानं. मधोमध हिरवी, दोन्ही कडांना पांढरी. नर्सरीत त्याला जिभेला गाठ बसेल असं नाव होतं. घरात सगळे पट्टेरीच म्हणायला लागले.

काकू वाकल्या. भिंतीच्या काळोख्या पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मला दिसतंय."

चार, पाच, सहा

मोठे गड्डे सुरीने कापून ठोंब वेगळे केले, प्रत्येकाला मुळं येतील असे. दगडासारखी माती उकरून त्यात कुजलेला पाला मिसळला. एका पावलाला एक ठोंब. पानांचा बुंधा मातीच्या पातळीत ठेवायचा, गाडायचा नाही. पाणी घालायचं, पण तुंबू द्यायचं नाही.

जाताना धाकटी म्हणाली, "पट्टेरीत कधी कधी एखादा फुटवा बिघडतो. बिघडलेला दिसला की मुळासकट काढा, नाहीतर तो सगळा ठोंब खातो."

"डोळ्यांत तेल घालून बघीन," मीटरवाले म्हणाले.

सात

तीन महिने पट्टेरी रुसून बसली. वाढेना, मरेना.

मग वाढली.

नऊ

उजव्या हाताला पांढऱ्या रेघांची एक झुबकेदार ओळ. काकू त्या ओळीच्या कडेकडेने जायला लागल्या, एकट्या. मीटरवाले दारात उभे राहून मोजायचे. हात पाठीमागे बांधलेले, म्हणजे ते आपणहून पुढे जाऊ नयेत.

रिकामपणी त्यांनी पट्टेरीची सेवा मनावर घेतली. गोगलगायी वेचल्या, वाळकी पानं कापली. आणि बिघडलेले फुटवे शोधले. चौदाव्या ठोंबात फिकट, पांढुरके, अशक्त फुटवे दिसले. शेजारीच दोन फुटवे हिरवेगार, तरतरीत, पैलवानासारखे. मीटरवाल्यांनी फिकट उपटले. पैलवानांना मूठभर जास्त खत घातलं.

चौदा



पंधरा

चौदाव्या पावलाला काकूंना रेघ दिसली नाही. उजवा पाय मातीत गेला, खांदा भिंतीवर आपटला, आणि त्या बसल्या त्या बसल्याच. अकरावा महिना चालू होता.

मीटरवाले धावले. खांदा शेकून झाल्यावर ते सुताराचा नंबर शोधायला लागले. काकूंनी अडवलं नाही. अट त्यांनीच मान्य केली होती.

सोळा

दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "मला त्या जागी न्या. दंडाला धरून न्या, काही म्हणत नाही."

त्या चौदाव्या ठोंबापाशी बसल्या. एक पान चिमटीत धरून बुंध्यापासून टोकापर्यंत बोट फिरवलं. मग तेराव्याचं. पुन्हा चौदाव्याचं. वेताच्या पट्ट्या त्या अशाच निवडायच्या, केसभर फरक बोटाला कळायचा.

"हे पान रुंद आहे," त्या म्हणाल्या. "जाडही आहे. इथे काय केलंत तुम्ही?"

मीटरवाल्यांना 'काही नाही' असं म्हणता आलं असतं. काकूंना कुठे दिसत होतं?

"फिकट होते ते काढले," ते म्हणाले. "आजारी वाटले. हिरवे छान जोमात होते."

धाकटीला फोन लावला. ती आधी हसली, मग खांद्याचं कळल्यावर म्हणाली, "भाऊजी, हिरवाच बिघडलेला असतो. त्याच्यात जोर जास्त म्हणून तो पट्टेवाल्याला जगू देत नाही. वाईट काही नसतं त्याच्या मनात."

फोनचा आवाज मोठा होता. दोघांनीही ऐकलं.

वीस

मीटरवाल्यांनी दोन्ही पैलवान मुळासकट काढले. काढायला खुरपं लागलं, इतके ते निरोगी होते. तेराव्याचा एक फुटवा कापून रिकाम्या जागी लावला. चार पानांचा, किडकिडीत.

"हा भरायला सहा महिने," ते म्हणाले. "सुताराला नको म्हणून सांगितलंय. पण तोवर इथे तुला रेघ कुठली?"

"तुमचा तो निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा आहे ना?"

"आहे."

"तो घाला आणि इथे उभे राहा. ठोंबासारखे. हात लावायचा नाही."

बावीस

रोज सकाळी मीटरवाले सदरा घालून चौदाव्या पावलाशी, नव्या रोपाच्या मागे, भिंतीला पाठ लावून उभे राहतात. काकू येतात. तेरा. क्षणभर थांबतात, मान तिरकी करून पट्टे शोधतात.

"सदरा धुवायला झालाय," पुढे जाता जाता म्हणतात.

मग खोलीचं दार उघडल्याचा आवाज येतो.