परक्या गावातली खुर्ची

लेकीने आईबाबांना परदेशी पाठवलं ते एका अटीवर. पर्यटकांसारखं धावायचं नाही, तिथल्या लोकांसारखं राहायचं. म्हणून हॉटेलऐवजी तिने पंधरा दिवसांसाठी दोन खोल्यांचं भाड्याचं घर घेऊन दिलं आणि सोबत एक यादी धाडली. कोपऱ्यावरून ताजा पाव आणा, बाजारात रांगेत उभे राहा, बागेतल्या बाकावर बसून नुसती माणसं बघा. आईने, म्हणजे वहिनींनी, यादी फ्रिजवर चिकटवली आणि एकेक ओळ खोडायला घेतली. चौथ्या दिवशी पाववाली त्यांना बघून हसायला लागली. रांगेत मध्येच घुसणाऱ्या एका गृहस्थाला तर त्यांनी अस्सल मराठीत झापलं, आणि तो मुकाट्याने मागे गेला.

वस्तादांचं मात्र कशातच लक्ष नव्हतं. वस्ताद म्हणजे त्यांचे यजमान. एक्केचाळीस वर्षं त्यांनी सलून चालवलं. गिऱ्हाइकांनीच त्यांना वस्ताद केलं आणि त्यांच्या बायकोला वहिनी. आठ महिन्यांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच संध्याकाळी वस्तादांनी शटर ओढलं ते पुन्हा वर केलं नाही. स्वतःची दाढी स्वतःला जमेना, आणि दुसऱ्याच्या खुर्चीत बसायचं त्यांना मंजूर नव्हतं. ज्या गालावर कधी खुंट दिसला नाही तिथली दाढी आता गळ्याखाली उतरली होती. दाढीचं एक वेळ वहिनींनी चालवून घेतलं असतं. पण तिच्याआड माणूसच बोलेनासा झाला होता. तो परत मिळावा, एवढंच त्यांना या सहलीकडून हवं होतं. मग बाकीची यादी गेली खड्ड्यात.

पावाच्या दुकानाच्या वाटेवर एका खुर्चीचं एक सलून होतं. वस्तादांची पावलं रोज नेमकी तिथेच मंदावत. पाचव्या दिवशी ते म्हणाले, मान टेकायची उशी फार खाली लावलीय, गिऱ्हाइकाची मान अवघडत असणार. सहाव्या दिवशी म्हणाले, हा गडी कमरेतून वाकतोय, दहा वर्षांत पाठ धरेल. आठ महिन्यांत वहिनींनी त्यांच्या तोंडून एका दमात एवढं ऐकलं नव्हतं. सातव्या दिवशी त्यांनी पावाची पिशवी नवऱ्याच्या हातात कोंबली, तरातरा आत गेल्या आणि खुर्चीत बसल्या.

सलूनवाला पन्नाशीचा, गोल अंगाचा होता. त्याच्याकडे सगळी पुरुष गिऱ्हाइकं. त्याने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा दाराकडे. वहिनींनी मानेवर बोट टेकवून दाखवलं, इथपर्यंत. लग्न झाल्यापासून त्यांच्या केसांना वस्तादांखेरीज कोणाची कात्री लागली नव्हती, आणि गेले आठ महिने तर कोणाचीच नाही. आपण काहीतरी बेइमानी करतोय असंच त्यांना वाटत होतं.

उजवी बाजू झाली. कात्री डावीकडे वळली, तेवढ्यात पावाच्या पिशवीसकट वस्ताद आत शिरले. त्यांनी सरळ कारागिराच्या हातावर हात ठेवला. मग समोरचा कंगवा उचलून बायकोच्या मानेवरचे केस बाजूला केले आणि डावीकडचा भोवरा दाखवला. इथे सरळ कापलं की बट उभी राहते, कात्री तिरपी धरावी लागते, असं सगळं त्यांनी एक शब्द न बोलता सांगितलं. सलूनवाल्याने वाकून पाहिलं, मान डोलावली आणि अदबीने कात्रीच त्यांच्यापुढे धरली.

वस्तादांनी ती घेतली. हात थरथरू लागला. आरशात तिघांनाही ते दिसलं. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि मान खाली घालून उभे राहिले. वहिनींना वाटलं, आपण उगाच खाजवून खरूज काढली.

सलूनवाल्याने वहिनींना उठवलं आणि खुर्ची झटकली. वस्ताद जरा वेळ घुटमळले, मग बसले. बसल्या बसल्या त्यांनी मागे हात नेऊन उशी दोन बोटं वर केली. तो हसला. आधी कात्रीने त्याने दाढी उतरवली आणि मग गाल बघायला वाकला, तर वस्तादांनी आतून जीभ लावून गाल ताणून ठेवला होता. हे गिऱ्हाईक करत नाही, कारागीर करतो. तो थबकला. मग त्याने साबणाची वाटी आणि ब्रश वस्तादांच्याच हाती दिला.

थरथरता हात वाटीत फिरू लागला. थांबायचं म्हटलं तरी तो थांबत नव्हताच. बघता बघता फेस वाटीच्या काठावर आला, दाट आणि पांढराशुभ्र. सलूनवाल्याने तो चिमटीत घेऊन चोळून पाहिला आणि भुवया उंचावल्या.

वस्तरा फिरला तसा हनुवटीवरचा जुना व्रण वर आला. पंधराव्या वर्षी स्वतःवरच वस्तरा चालवायला शिकताना झालेला. वहिनींनी तो पाहिला आणि त्यांना रडू आलं. परक्या माणसासमोर त्या सरळ रडल्या.

पुढचं गिऱ्हाईक आलं तेव्हा वस्ताद उठले, पण वाटी त्यांनी सोडली नाही. त्या दिवसापासून ते रोज सकाळी तिथे जाऊ लागले. साबण त्यांचा, वस्तरा त्याचा. यादीतल्या उरलेल्या ओळी वहिनींनी एकट्यानेच खोडल्या.

शेवटच्या दिवशी लेकीने फोनवर विचारलं, बाबांनी काय काय पाहिलं.

"गाल," वस्ताद म्हणाले. "औषधाच्या दुकानवाल्याला खळी पडते. बसवाल्याचे केस उलटे उगवतात. शाळेतल्या मास्तरांना हनुवटीला हात लावला की गुदगुल्या होतात."

फोन ठेवल्यावर वहिनींनी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर खुर्ची ठेवली आणि वस्तादांकडे पाठ करून बसल्या. आठवडाभर त्या एकीकडे आखूड, एकीकडे लांब अशाच गावभर फिरल्या होत्या. सलूनवाल्याने पुरं करून देतो म्हणून दोनदा खुणावलं होतं. त्या दोन्ही वेळा नको म्हणाल्या होत्या.

"अहो, डावीकडचं राहिलंय."

"हात बघतेस ना माझा? वाकडं होईल."

"होऊ दे की. मागचं मला कुठे दिसतंय?"

मागे स्वयंपाकघराचा खण उघडल्याचा आणि कात्री निघाल्याचा आवाज आला. मग डाव्या हाताचं बोट मानेवरच्या भोवऱ्यावर येऊन दाबलं गेलं, आणि वर्तमानपत्रावर पहिली बट पडली.