ऑक्टोबरातलं घरटं

मर्व्हिन गेथिनच्या व्हॅनवर हिरव्या अक्षरांत 'झाडांचे सर्जन', म्हणजे उंच झाडांच्या फांद्या उतरवणारे, असं रंगवलेलं होतं आणि त्याखाली जरा बारीक अक्षरांत 'स्वतंत्र व्यवसाय'. स्वतंत्र याचा अर्थ एवढाच, की आजारी पडलं तर रजा नाही आणि चिडायचं म्हटलं तर साहेब नाही. साहेबाची उणीव त्याची बायको ग्लेनिस भरून काढत असे. मर्व्हिन वर चढायचा, ग्लेनिस खाली उभी राहायची. तो कापलेली फांदी दोराला बांधून सोडायचा, ती उतरवून घ्यायची आणि भुगा करणाऱ्या यंत्राच्या तोंडात ढकलायची. इंग्लंडमधल्या हेरफर्डशायरच्या त्या कोपऱ्यात वीसेक वर्षं हा संसार असाच चालला होता, अर्धा जमिनीवर आणि अर्धा अधांतरी.

एप्रिलमध्ये एका जुन्या लिंबाच्या झाडावर मर्व्हिनच्या पायाखालची फांदी मोडली. आपलं लिंबू नव्हे, तिकडचं लाइम म्हणतात ते उंच झाड. दोराने त्याला झेललं. तो थोडा वेळ बाजारात टांगलेल्या सशासारखा गरगर फिरला, मग खाली उतरला, चहा प्यायला आणि काही झालं नाही म्हणाला. बरगडीवर एक जांभळा डाग उठला होता, तोही आठवड्याभरात गेला. भीती मात्र गेली नाही. ती आली केव्हा, हेच त्याला कळलं नव्हतं. पुढच्या झाडाखाली उभं राहून त्याने वर बघितलं आणि त्याच्या तोंडून आपोआप शब्द निघाले, "घरटं आहे."

त्या देशात घरट्यात पक्षी असेल तर झाडाला हात लावता येत नाही. कायदाच आहे तसा, आणि लोकही या बाबतीत कायद्याहून कडक आहेत. शेजाऱ्याच्या दारावर मोटार आदळली तर ते समजून घेतील, पण चिमणीची अंडी फुटली तर गावात राहणं मुश्कील. त्यामुळे मर्व्हिनच्या घरट्याला कुणी हरकत घेतली नाही. मे महिन्यातली घरटी तर खरीसुद्धा होती. जूनमधली निम्मी खरी होती. ऑगस्टपर्यंत पक्षी त्याची साथ सोडून गेले, तेव्हा त्याने वटवाघळांवर भागवलं, कारण कायदा त्यांनाही सांभाळतो. मधल्या काळात दोघं जण कुंपणं छाटत आणि बुंधे उकरत होती. मर्व्हिनचं डोकं कुंपणाच्या वर कधी गेलं नाही. तो म्हणे पक्षी, ग्लेनिस म्हणे पक्षी.

ऑक्टोबरात हेस्टर बफ्टन बाईंचं काम आलं. बाई एकट्या राहायच्या, वय ऐंशीच्या पुढे, आणि त्यांच्या घरामागे एक ओक होता. त्याची एक जाडजूड फांदी वाळून थेट त्यांच्या झोपायच्या खोलीच्या छपरावर आली होती. वाऱ्याचे दिवस तोंडावर होते. मर्व्हिन ओकाखाली उभा राहिला, वर बघितलं, आणि पुन्हा घरटं शोधायला लागला. आता ऑक्टोबरात कोणता पक्षी अंडी घालतो? पण देव दयाळू आहे, त्याने रानकबुतर निर्माण केलं आहे. रानकबुतर कोणत्याही महिन्यात पिल्लं काढतं. चार काटक्या आडव्या टाकल्या की त्याचं घर झालं.

मर्व्हिनने रानकबुतर सांगितलं. त्याची अपेक्षा होती की बाई हळहळतील आणि दुसऱ्या कुणाला तरी बोलावतील. बाई उलट खूश झाल्या. पिल्लं उडून जाईपर्यंत आपण खालच्या खोलीत सोफ्यावर झोपू, फांदी पडलीच तर रिकाम्या पलंगावर पडेल, असं त्यांनी जाहीर केलं. सोफा त्यांच्याहून आखूड होता. पाय सोफ्याच्या हातावर टाकून झोपायची युक्तीही त्यांनी त्याला करून दाखवली.

इतकंच असतं तरी मर्व्हिनने ते पोटात घालून कुंपणं छाटली असती. पण बाईंनी ही आनंदाची बातमी पक्षिमित्र मंडळाच्या रोलंड ट्रँटरला सांगितली. रोलंड निवृत्त पोस्टमन होता. आयुष्यभर लोकांच्या दारात उभा राहिल्यामुळे त्याला लांबून बघायची आवड लागली होती. ऑक्टोबरातलं घरटं म्हटल्यावर त्याने सगळ्या मंडळाला कळवलं. रविवारी सकाळी दुर्बिणींसकट सगळे ओकाखाली जमणार होते.

शनिवारी दुपारी मर्व्हिन शेडमध्ये काटक्या जुळवून घरटं बांधत बसला. रविवारी फटफटीत उजाडल्याबरोबर त्याने अंथरूण सोडलं, कोटाच्या आत घरटं ठेवलं आणि व्हॅन घेऊन बफ्टन बाईंच्या मागच्या आवारात गेला. झाडावर चढावं लागू नये म्हणून ज्याने घरटं शोधून काढलं, तो आता ते घरटं ठेवायला झाडावर चढत होता. यातला विनोद त्याला दिसत नव्हता असं नाही, पण हसायची ही वेळ नव्हती.

बारीक दोरी बांधलेली वजनाची पिशवी फांदीवरून टाकून त्याने तिच्यामागून चढायचा दोर ओढून घेतला. कमरेचा पट्टा आवळला आणि निघाला. बुंध्याकडे बघत, सालीवरचं शेवाळ मोजत असल्यासारखा तो फांद्यांच्या बेचक्यापर्यंत पोचला. घरटं काढून नीट बसवलं. काम झालं होतं. मग त्याने खाली बघितलं.

खाली गवत होतं, व्हॅनचं छप्पर होतं, आणि त्याच्या नि या सगळ्याच्या मध्ये नुसती हवा होती. दोरावरची गाठ थोडी थोडी सरकवत उतरायचं, इतकं साधं काम, पण बोटं ऐकेनात. त्याने खोड मिठीत घेतलं आणि डोळे मिटले. मंडळी येतील आणि दुर्बिणीतून हेच बघतील, असं त्याच्या मनात आलं.

"खाली माणूस नसताना वर गेलास तू."

आवाज ग्लेनिसचा होता. ती सायकल कुंपणाला टेकवून उभी होती, रात्रीच्या कपड्यांवर त्याचाच जुना कोट घालून. ती ओरडली नाही. पण हा एक नियम त्या घरात देवळातल्या नियमासारखा होता. घरटी, वटवाघळं, कबुतरं तिने सगळं चालवून घेतलं होतं, हे तिला चालणार नव्हतं.

मर्व्हिनने डोळे न उघडता सांगितलं, की त्याला उतरता येत नाहीये.

"मग उतरू नकोस," ती म्हणाली. "घाई कसली आहे? रविवार आहे."

तिने दोराचं खाली लोंबणारं टोक उचलून हातात धरलं. दोर किंचित ताणला गेला आणि तो ताण मर्व्हिनच्या पट्ट्यापर्यंत येऊन पोचला. वीस वर्षांत त्याकडे त्याने कधी लक्ष दिलं नव्हतं. पाठीवर कुणी हात ठेवावा तसं ते होतं.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, तिला कधीपासून माहीत आहे.

"जूनपासून. टॉमलिनसनांनी काम दिलं तेव्हा त्यांच्या झाडावर कावळ्याचं घरटं आहे म्हणालास. त्यांचं झाड तोपर्यंत पडलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

ग्लेनिसने दोर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "बोलले असते तर चढला असतास. माझ्यासाठी चढला असतास आणि पडला असतास. मला नको होतं तसं." मग जरा मान वर करून म्हणाली, "आणि ते घरटं फार चांगलं बांधलंयस. कबुतराला एवढी अक्कल नसते. रोलंड एका मिनिटात ओळखेल."

मर्व्हिनला हसू आलं. हसताना खोडावरची मिठी सैल झाली आणि ती सैल झाली तरी तो पडला नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने डोळे उघडले. वाळलेली फांदी त्याच्या डाव्या हाताला होती, साल सुटलेली, टोकाशी भुसभुशीत. तिच्याखाली बाईंचं छप्पर. त्या छपराखाली रिकामा पलंग.

"करवत पाठव," तो म्हणाला.

ग्लेनिसने हातकरवत बांधून पाठवली. इंजिनाची करवत व्हॅनमध्येच राहिली. रविवारी सकाळी ती सुरू केली असती तर त्या गावाने गेथिन घराण्याला दोन पिढ्या माफ केलं नसतं. हातकरवतीला वेळ लागतो. मर्व्हिनने टोकाकडून सुरुवात केली. एकेक तुकडा बांधायचा, कापायचा, सोडायचा. पहिल्या तुकड्याला पाय थरथरत होते. पुढेही थरथरत होते, पण तो त्यांच्याकडे बघत नव्हता. दोर खाली कोणाच्या हातात आहे, तेवढं त्याला कळत होतं.

मागचं दार उघडलं आणि बफ्टन बाई गाऊन घालून, एका बाजूला मान धरून बाहेर आल्या. सोफ्याने मानेचं काय केलं होतं ते लांबूनही दिसत होतं. त्यांनी वर बघितलं, गवतावरचे तुकडे बघितले आणि पिल्लांचं काय झालं ते विचारलं.

ग्लेनिस काहीतरी सांगायला लागली होती. पिल्लं रात्रीच उडाली, असलं काहीतरी. मर्व्हिनने वरून तिला थांबवलं.

"बाई, पिल्लं नव्हती. पक्षीच नव्हता. मला चढायची भीती वाटत होती."

एवढं मोठ्याने ते तो पहिल्यांदाच बोलला होता, आणि बोलायला जागाही अशी निवडली होती की अर्ध्या गावाला ऐकू जावं. बफ्टन बाईंनी मान चोळली.

"मग तसं सांगायचं ना, बाळा," त्या म्हणाल्या. "त्यासाठीही झोपले असते मी सोफ्यावर." आणि चहा टाकायला आत गेल्या.

मंडळ ठरल्या वेळी आलं. बघायला काही उरलं नव्हतं, घरटंसुद्धा मर्व्हिनच्या कोटात परत गेलं होतं, पण दुर्बिणी आणल्याच होत्या, म्हणून सगळ्यांनी त्या मर्व्हिनवर रोखल्या. शेवटचा तुकडा खाली गेला होता आणि तो गाठ सरकवत इंच इंच उतरत होता. रोलंड ट्रँटरने बराच वेळ निरीक्षण केलं.

"प्रौढ नर," तो गंभीरपणे म्हणाला. "थरथरतोय. पण उतरतोय बरं का."

मर्व्हिनचे पाय गवताला लागले तसा तो तिथेच बसला. ग्लेनिसने त्याच्या हातात बाईंचा कप दिला. दोर मात्र तिने अजून सोडला नव्हता. सोमवारी टॉमलिनसनांकडे जायचं आहे, त्यांचं दुसरं झाड अजून उभं आहे, असं ती म्हणाली. मर्व्हिनने चहाचा घोट घेतला आणि विचारलं, त्यावर काही घरटंबिरटं आहे का.

"जाऊन बघू," ग्लेनिस म्हणाली. "मी खाली असेन."