दुसऱ्या दिवसाची धाव

मी एक जुनी घुंगरांची काठी आहे. वेल्ह्यात एका घराच्या परसात मला रोवून ठेवले आहे आणि घेवड्याचा वेल माझ्यावर चढला आहे. माझी नऊ घुंगरे होती. आता चार उरली आहेत, तीही काळवंडली आहेत. येणारेजाणारे मला वेलाचा आधार समजतात. त्यात त्यांची काही चूक नाही. पण मित्रांनो, एके काळी मी सरकारी टपालाबरोबर धावत होते. माझ्यादेखत एका माणसाने एक निर्णय घेतला, आणि त्यावरून काही लोक त्याला अजूनही हसतात. ते का घडले हे मला ठाऊक आहे, म्हणून सांगते.

माझा जन्म भोरच्या बाजारातला. दिलावर मिस्त्रींनी भरीव बांबू निवडला, खाली लोखंडी टोक ठोकले आणि वर पितळेची घुंगरे बांधली. जंगलाच्या वाटेने घुंगरे वाजली म्हणजे साप-जनावर बाजूला होते आणि टपाल आल्याचे वाड्यांना कळते. मला हलवून बघत मिस्त्री म्हणाले होते, "आवाज आधी पोचला पायजे, माणूस मागनं." तिथून मी वेल्ह्याच्या टपाल कचेरीत आले.

वेल्ह्यापासून खिंड तीन कोस. खिंडीपलीकडे डोंगरउतारावर वाड्या होत्या, शेवटची वाडी आणखी तीन कोसांवर. तिकडे गाडी जात नसे. टपाल पायीच न्यायचे, आणि तेही धावत. पहिला टप्पा सोनबांचा होता. ते सकाळी वेल्ह्याहून थैली खांद्यावर टाकून निघत आणि मला टेकत टेकत खिंड चढत. खिंडीत सावळाराम उभे असत. थैली आणि मी त्यांच्या हाती जात असू. ते पलीकडच्या वाड्या करून दुपारी परत येत, तोवर सोनबा तिथेच थांबत. मग परतीचे टपाल घेऊन आम्ही वेल्ह्याला उतरत असू. दोघांची रोजची सहा-सहा कोसांची धाव होती. सोनबा वयाने मोठे, कमी बोलणारे. सावळाराम पंचविशीच्या पुढचे, चुणचुणीत. दोघे खिंडीत एकाच फडक्यातली भाकरी खात. मला ते दिवस फार आवडत. वाडीत शिरलो की घुंगरांच्या आवाजाने म्हाताऱ्या बाया दारात येत आणि "माझं काय आलंय का?" म्हणून विचारत.

साठ सालच्या माघात एका सकाळी आम्ही खिंडीत पोचलो, तर तिथे सावळाराम नव्हते. त्यांची बायको सखूबाई उभी होती.

"रातपासनं तापानं फणफणलेत," ती म्हणाली. "उठून बसाया येत न्हाई."

सोनबा दगडावर बसले. सावळारामांची नोकरी तेव्हा हंगामी होती. महिनाभरात ते कायम व्हायचे होते, आणि त्या महिन्यात खाडा पडला तर ते राहून गेले असते. हे सोनबांना ठाऊक होते. परत फिरावे आणि कचेरीतल्या टपाल मास्तरांना खरे सांगावे, की पलीकडचा टप्पाही आपणच करावा? त्यांनी फार वेळ घेतला नाही.

"दोन्ही फेऱ्या मीच करतो," ते म्हणाले. "कचेरीत कुणाला बोलू नगा."

"दादा, बारा कोस कसं व्हायचं तुमच्यानं?"

"व्हतील."

त्या दिवशी बारा कोस झाले. संध्याकाळच्या उतरणीला त्यांची मूठ माझ्यावर मध्येच आवळायची, मग सैल व्हायची. मला वाटले, दमले असतील. दुसऱ्या दिवशीही ताप उतरला नव्हता. सोनबा पुन्हा निघाले. सगळ्या वाड्या करून परत खिंड चढत असताना ते एका आंब्याखाली बसले. थैली त्यांनी मांडीवर घेतली, मला शेजारी टेकवले आणि डोळे मिटले. त्यांच्यासाठी भाकरी घेऊन आलेल्या सखूबाईने हाक मारली, तेव्हा ते गेलेले होते.

सावळारामांच्या खाड्याचे कचेरीला कळलेच नाही, आणि महिनाभराने ते कायम झाले. खिंडीपलीकडच्या टप्प्यावर दुसरा माणूस स्वतःची काठी घेऊन आला आणि सोनबांचा टप्पा सावळारामांकडे आला. ते सखूबाईसह वेल्ह्यात राहायला आले. मी आता त्यांच्या एकट्याच्या हातात होते. कचेरीतून निघाले की तिसरे घर सोनबांचे. तिथे त्यांची बायको भामाबाई एकटीच राहत असे. त्या घरासमोर आले की सावळाराम मला वर उचलून सगळी घुंगरे मुठीत धरत आणि आवाज न करता पुढे जात. रोज जाताना आणि रोज येताना. अशी नऊ वर्षे गेली. त्या दाराकडे त्यांनी मान वळवून पाहिले नाही.

मग एकोणसत्तरचा जानेवारी आला. भोरच्या तरुणांच्या एका मंडळाने धावण्याची मोठी शर्यत ठेवली. शनिवारी भोरहून निघून कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी करत वेल्हे गाठायचे, म्हणजे जवळपास पंधरा कोस. रात्री वेल्ह्यात मुक्काम. रविवारी तीच वाट उलटी धरून भोर. दोन्ही दिवस पुरे करील त्यालाच मान. वेल्ह्यात सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आले.

टपाल कचेरीचे बाजीराव मास्तर नुकतेच बदलून आले होते. माणूस भला, पण त्यांना मागचे काही ठाऊक नव्हते.

"सावळाराम, तुमचं नाव देऊ का?" त्यांनी विचारले. "शनिवारी बदली माणूस मी बघतो. तुम्ही रोज सहा कोस धावता. भोरची मुलं तुमच्यापुढे काय टिकणार?"

"नगं मास्तर."

"का हो?"

"एक दिस पळंन. लागोपाठ दोन दिस नगं."

मास्तरांना तो संकोच वाटला. ते रोज विचारू लागले. चहाच्या दुकानात, तहसील कचेरीच्या ओट्यावर, जो तो विचारू लागला. कुणी म्हणाले, डोंगरातल्या माणसाची लाज राखा. सावळारामांचे वय तेव्हा सदतीस-अडतीस होते. धावण्याची हौस त्यांना होती, खोटे कशाला सांगू. एकदा उतरणीला आजूबाजूला कुणी नाही असे बघून ते जीव तोडून पळाले आणि खाली येऊन एकटेच हसले होते. आणखी एक गोष्ट फक्त मला कळत होती. वर्षभरापासून चढावर त्यांची मूठही माझ्यावर मध्येच आवळत होती.

शेवटी एका संध्याकाळी थैली कचेरीत टाकून ते निघाले आणि तिसऱ्या घरासमोर थांबले. त्या दिवशी त्यांनी घुंगरे धरली नाहीत. भामाबाई दारात तांदूळ पाखडत होती.

"या भावजी," ती म्हणाली. जणू काल येऊन गेले होते.

ते उंबऱ्याशी बसले.

"घुंगरं कशापायी धरता दारावरनं जाताना?" तिनेच विचारले. "पुढच्या घराशी वाजलेलं मला ऐकू येत न्हाई, असं वाटतं व्हय?"

"तोंड दाखवाया जागा न्हवती, वयनी. माझ्या नोकरीपायी सोनबादादा गेलं."

भामाबाईने सूप खाली ठेवले.

"दिवाळीपासनं त्यांच्या छातीत दुखत हुतं. मला ठावं हुतं. त्या दुसऱ्या सकाळी मी म्हनलं, आज जाऊ नगा. त्यांनी ऐकलं न्हाई. तुमी तापात पडला हुता, तुमाला काय ठावं? त्यांचं त्यांनी ठरवलं." तिने सूप बाजूला सारले. "राग हाय माझा. पर तुमच्यावर न्हाई. त्यांच्यावर हाय. मला इचारलं न्हाई त्यांनी. मागं मी ऱ्हानार हुते, आन मलाच इचारलं न्हाई."

सावळाराम खाली मान घालून रडले. मी त्यांच्या मांडीवर आडवी होते, म्हणून मला कळले. नऊ वर्षांत ते माझ्यादेखत कधी रडले नव्हते.

मग त्यांनी शर्यतीचे सांगितले. भामाबाईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तुमच्या छातीत दुखतं का?"

ते म्हणाले, "चढाला. कवाकवा."

"मग माझ्याकडं हो-न्हाई मागू नगा. घरी जावा. सखूला इचारा."

ते घरी गेले आणि चुलीपाशी बसून त्यांनी सखूबाईला सगळे सांगितले, छातीचेही. ती बराच वेळ जाळ सारखा करत राहिली.

"तुमी पळू नगा असं मी म्हनलं, तर जल्मभर मनात ऱ्हाईल," ती म्हणाली. "सपाटीची वाट हाय. एक दिस पळा. दम लागला तर चाला. दुसऱ्या दिसाचं दुसऱ्या दिशी बघू. पर खोटं बोलायचं न्हाई माझ्याशी."

भोरला नाव द्यायला गेले, तर मंडळाच्या पोरांनी मला बघून मान हलवली. काठी घेऊन पळता येणार नाही म्हणाले.

"मग मी पळत न्हाई," सावळाराम शांतपणे म्हणाले. "हात रिकामा असला की माझा पाय चुकतो."

काठीचे ओझेच होईल, फायदा काही नाही, असे म्हणत त्यांनी हसत परवानगी दिली.

शनिवारी अकरा जण निघाले. थंडी होती. सावळाराम पहिल्यापासून घाई न करता एका लयीत धावले. नसरापूरला ते आठवे होते, मार्गासनीला पाचवे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी होती. तहसील कचेरीसमोर आलो तेव्हा आमच्या पुढे एकच जण होता, भोरचा एक कोवळा पोरगा. गुलाल उडाला. बाजीराव मास्तरांनी सावळारामांना मिठी मारली. "उद्या पहिले येता तुम्ही," ते म्हणाले. सावळाराम हसले. पण शेवटच्या कोसाला त्यांची मूठ तीनदा आवळली होती. अशी सपाटीला ती यापूर्वी कधी आवळली नव्हती.

रविवारी सकाळी वेल्ह्याच्या बाजारात सगळे गाव जमले. रात्रीतून दोघांचे पाय सुजले होते, ते उठलेच नाहीत. नऊ जण ओळीत उभे राहिले. सखूबाई आणि भामाबाई शेजारी शेजारी उभ्या होत्या. मंडळाचा माणूस कागद घेऊन एकेकाचे नाव पुकारू लागला.

सावळारामांनी सखूबाईकडे पाहिले. तिने काही खूण केली नाही. नुसती बघत राहिली.

त्यांचे नाव आले. ते ओळीतून बाहेर आले आणि टेबलाशी गेले.

"माझं नाव काढा."

"काय झालं? पाय दुखावला का?"

त्या क्षणी 'हो' म्हणणे सोपे होते. दुखऱ्या पायाला कुणी हसले नसते.

"पाय धड हायती," ते म्हणाले. "छातीत दुखतंय. मी न्हाई पळत."

मग मागून कुणीतरी म्हणाले, "भ्यालं म्हातारं."

सावळारामांनी वळून पाहिले.

"व्हय," ते म्हणाले. "भ्यालो."

आठ जण भोरकडे निघून गेले. धूळ खाली बसली. बाजीराव मास्तर तडक कचेरीकडे गेले. सखूबाई पुढे आली आणि मला त्यांच्या हातातून घेऊन चालू लागली. मागून येणाऱ्या भामाबाईने वाटेत एवढेच म्हटले, "भाकरी माझ्याकडं खावा आज."

त्या शर्यतीच्या पाटीवर सावळारामांचे नाव नाही. पुढे कितीतरी दिवस बाजारात त्यांना बघून पोरे एकमेकांना कोपर मारत. ते ऐकून घेत. मास्तरही आठवडाभर घुश्शात होते. मग एके दिवशी सखूबाईने कचेरीच्या पायरीवर बसून त्यांना सोनबांची हकिकत सांगितली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्याच महिन्यात ते स्वतः सावळारामांना भोरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी धावणे कायमचे बंद करायला सांगितले. मास्तरांनी वर चारदा लिहिले, तेव्हा कुठे सावळारामांना कचेरीतच शिक्के मारायचे काम मिळाले. ते अजून करतात. त्यांचे केस पांढरे झाले आहेत, पण कागदावर शिक्का जोरात उमटतो.

माझी मात्र नोकरी संपली. काही वर्षे दुसऱ्या माणसाच्या हातात काढली. मग पलीकडच्या वाड्यांना जीपचा रस्ता झाला आणि धावण्याचा टप्पा बंद पडला. कचेरीने मला मोडीत काढले. सावळारामांनी मला मागून घरी आणले. सुरुवातीला मी दाराशी उभी असे, मग माळ्यावर गेले, मग या परसात आले. वाईट वाटत नाही असे नाही. पाऊस मुरून माझा बांबू आतून भुसभुशीत होऊ लागला आहे, आणि यंदाच्या वेलाबरोबर कदाचित मीही मोडेन.

मित्रांनो, माझी काळजी कुणी करावी, असे माझे मागणे नाही. मी बांबूची आहे, बांबू पुन्हा उगवतो. पण तुमच्या घरासाठी कुणी ना कुणी रोज पायपीट करत असते. कुणी डोक्यावर पाणी आणते, कुणी सरपण, कुणी तुमच्या गावची टपालाची थैली. ती माणसे आपण दमलो असे सहसा सांगत नाहीत. तुम्ही त्यांना विचारा. आणि ती "न्हाई" म्हणाली, तरी त्यांना हाताला धरून थोडा वेळ खाली बसवा.