गोपाळबुवा कुठं गेला

रझाकाराच्या साली सनईवाला गोपाळबुवा गुरव नाहीसा झाला, त्याला माणसाचं एक अख्खं आयुष्य लोटलं. पण बोरीच्या अलीकडच्या त्या गावात अजूनही बुवाचा विषय निघाला की हॉटेलातला चहा कपातच थंड होतो. बुवा साधा वाजंत्री नव्हता. त्याच्या सनईच्या तबकड्या निघाल्या होत्या, हैद्राबादेच्या रेडिओवर त्याचं नाव पुकारलं जायचं. पोलीस अॅक्शनच्या धामधुमीत, गावं पेटत होती तेव्हा, तो गावाकडं यायला निघाला. शिवेपर्यंत त्याला लोकांनी पाहिला. तिथून पुढं कुणीच नाही.

कुणी म्हणे, रझाकारांनी पूर्णेच्या काठाला कापला. कुणी म्हणे, अंगात शेरवानी होती म्हणून मिलिट्रीनंच त्याला रझाकार समजून गोळी घातली. कुणाच्या मावसभावानं कराचीच्या रेडिओवर तीच सनई ऐकलेली. आणि एक गोष्ट आवाज खाली घेऊन सांगितली जाई, तीही पाटलाच्या घरचं जवळपास कुणी नाही हे बघून. तात्याराव तेव्हाचा निझामी पोलीस पाटील. त्यानंच दगा दिला आणि बुवाला गावच्या बारवेत, पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत, टाकला.

तानुबाई ही तात्यारावची सून. लग्न होऊन आली त्याच दिवशी सासू मनकर्णाबाईनं तिच्या डोक्यावर घागर देताना सांगितलं होतं, "नदीवरून आण. बारवेचं पाणी आपल्या घरात येत न्हाई. कामून म्हून इचारायचं न्हाई." तानुबाईनं विचारलं नाही. सासू गेली, सासरा गेला, धनी गेला, घरात नळ आला, बारव गाळानं अर्धी भरली. तरी लग्नाच्या पंगतीला बारवेचं पाणी असलं की पाटलाच्या घरची माणसं उपाशी उठायची. लोकांना वाटे, मोठ्या घरचं सोवळं असेल. तानुबाईही स्वतःला तसंच सांगत आली होती.

यंदा उन्हाळ्यात गावातल्या पोरापोरींनी बारव उपसायला घेतली. त्यांच्यात पुढं होती तानुबाईची नात राजेश्री. परभणीच्या कॉलेजात शिकवणारा विवेकही मोबाईल घेऊन आला आणि पायऱ्यांवर उभा राहून म्हणाला, "गोपाळबुवांचं काय झालं, ते कदाचित या गाळाखाली आहे."

त्या दिवसापासून तानुबाईच्या घशाखाली भाकर उतरेना. सकाळ झाली की ती काठी टेकत बारवेवर जाई आणि काठावर बसे. गाळाचं घमेलं वर आलं की सगळ्यांच्या आधी तिची नजर त्यात जाई. एकदा एका घमेल्यात काहीतरी पांढरं दिसलं. तिनं काठीनं ते उलथून पाहिलं. ती फुटकी कपबशी निघाली.

"बाई, तुमी तर राखणीलाच बसल्यावानी बसायलात," कडूबाई म्हणाली. ही गावातच जन्मलेली, गावातच दिलेली, तानुबाईच्या बरोबरीची. "एक इचारू का? तुमच्या घरचं कुणीच या बारवेचं पाणी कामून पीत न्हाई?"

"न्हाई पीत. त्यात काय?"

"काय न्हाई बया. गोड पाणी व्हतं, म्हून इचारलं."

काठावर जमलेल्या बाया हसल्या. तानुबाईला ते हसू अंगभर टोचत राहिलं. हाडांचा सापळा निघाला तर? आपल्या घरानं इतकी वर्षं पाळलेली रीतच उठून साक्ष देईल. पोरगी आपल्याच हातानं आपल्या पणज्याचं पाप वर काढतेय, आणि तिला त्याचा पत्ताही नाही.

पुढच्या शुक्रवारी बारवेच्या कोनाड्यातल्या आसरांना, पाण्यातल्या देवींना, बाया हळदकुंकू वाहत होत्या. तानुबाईनं एकदम केस सोडले. ती घुमू लागली. जन्मभर तिनं दुसऱ्यांच्या अंगात आलेलं पाहिलं होतं. मान कशी टाकायची, श्वास कसा ओढायचा, सारं ठाऊक होतं. "उपसू नका!" ती ओरडली. "आमचं घर मोडू नका! एकेकाला वढून नेईन!"

पोरांनी कुदळी टाकल्या. म्हातारी माणसं पाया पडली. काम थांबलं. त्या दिवशी तानुबाई पोटभर जेवली.

पण गाव थांबलं नाही. विवेकनं ते सगळं मोबाईलवर घेतलं होतं आणि लोकांना दाखवलंही. चार दिवसांनी राजेश्री स्वयंपाकघरात येऊन आजीसमोर बसली.

"आजी, आता रझाकाराचं नाव कुणी घेत न्हाई. कराची बी गेली, मिलिट्री बी गेली. समदे एकच म्हणायलेत, पाटलाच्या म्हातारीनं बारव झाकली."

तानुबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"आजी, खरंच अंगात आलं व्हतं का?"

म्हातारीनं पिठाची परात पुढं ओढली. नातीनं पुन्हा विचारलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

आता देवी खोटं बोलली असं सांगायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत तानुबाई घमेलं काखेत मारून बारवेत उतरली. एकेका पायरीवर बसत, सरकत, थेट गाळापर्यंत. वर गाव गोळा झालं. "आसरांचा कोप व्हायचा तर मपल्यावर व्हईल," ती खालून म्हणाली आणि हातानंच गाळ भरायला लागली. मग पोरं उतरली.

काम पुन्हा सुरू झालं. तानुबाई खालच्या पायरीवरून हलली नाही. फुटक्या घागरी निघाल्या, बैलाचं शिंग निघालं, गंजलेली साखळी निघाली. एक लांबट हाड निघालं तेव्हा सगळे त्याच्याभोवती वाकले. जाणत्यांनी उलटंसुलटं करून सांगितलं, म्हशीचं आहे. शेवटी कुदळ फरशीवर खणकन वाजली आणि फटीतून पाणी पाझरायला लागलं. माणसाचं काहीच निघालं नाही.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. राजेश्री रडत हसत होती. "बघा, घ्या बघून! हाय का काही?" दुपारपर्यंत पाणी निवळलं. तिनं तांब्या भरून आजीच्या हाती दिला. "पी आजी. सगळ्यांम्होरं पी."

तानुबाईनं तांब्या तोंडाला लावला. पाणी थंड होतं आणि खरंच गोड होतं. पण घोट तोंडात असतानाच मनात आलं, बारवेत कुणी नव्हतंच, तर मनकर्णाबाईनं जन्मभर हे पाणी का टाळलं? ती काही खुळी नव्हती. सगळ्या गावानं या बारवेकडं बघत राहावं, म्हणून का?

वरच्या काठावरून कडूबाईचा आवाज आला. टोमणा नव्हता त्यात. जुनं काहीतरी आठवत असल्यासारखी ती शेजारणीला विचारत होती, "अगं, पाटलाच्या मळ्यात बी एक हीर व्हती म्हणं. मपली माय सांगायची, तात्यारावानं ती त्याच साली बुजवली. चांगली पाण्याची हीर, कामून बुजवली असंल गं?"

शिट्ट्या थांबल्या. विवेकनं मोबाईल खाली घेतला. पोरांनी हातातल्या कुदळींकडं पाहिलं, आणि मग एकेकजण तानुबाईकडं बघू लागला. नको म्हणावं, तर नको म्हटल्यानं काय होतं ते तिनं पाहिलं होतं. खणा म्हणावं, तर तिथं काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

"आजी?" राजेश्री म्हणाली.

तानुबाईच्या तोंडातला घोट तसाच होता. तिला तो गिळवेना आणि थुंकवेना.